बेशरमाच्या काठ्या

नीलिमाबाईंनी पुन्हा कोयता मारला तेव्हा पोकळ खोडातून पांढरा चीक उडाला आणि थेट त्यांच्या चष्म्यावर बसला. त्यांनी कोयता खाली ठेवला, पदरानं काच पुसली आणि खोडाला तारेनं बांधलेली पत्र्याची पाटी फिरवून वाचली. ‘ईश्वरीबाई यांच्या स्मरणार्थ’ आणि खाली बारीक अक्षरात झाडाचं नाव, वाळुंज.

समोर उभं होतं ते वाळुंज नव्हतं. माणसाच्या डोक्यावर गेलेलं, जांभळट गुलाबी फुलांनी भरलेलं बेशरम होतं. गटाराच्या कडेला, तळ्याच्या चिखलात, जिथं दुसरं काही टिकत नाही तिथं माजणारं.

“हेही तेच,” त्या म्हणाल्या.

मागं उभा असलेला समीर सकाळपासून हेच ऐकत होता. शाळेत असताना तो त्यांच्याच वर्गात बसायचा, आता स्मृतिवनाचं सगळं काम बघायचा, आणि तरी बाईंपुढं उभं राहिलं की त्याचे हात अजून आपोआप मागं जायचे.

“मग लावलेलं झाड कुठं गेलं, बाई?”

नीलिमाबाई दुखऱ्या गुडघ्यावर हात रोवून खाली बसल्या. वाळलेल्या गाळाची ढेकळं त्यांनी बाजूला केली. बेशरमाच्या बुंध्याला लागून करंगळीएवढं एक वाळकं खुंट होतं. ओढल्याबरोबर ते हातात आलं.

“हे,” त्या म्हणाल्या आणि ते समीरच्या हातात दिलं. त्याचं काय करायचं हे न कळून त्यानं ते पँटच्या खिशात घातलं.

बदलापूरच्या बाहेर उल्हास नदी जिथं वळते, तिथल्या काठावर हे वन होतं. दर पावसाळ्यात पाणी चढायचं, म्हणून ती पट्टी बिल्डरांनीसुद्धा सोडून दिली होती. यावरून जागेची कल्पना यावी. नीलिमाबाईंचे पती जयदेव गेले तेव्हा बाईंनी त्यांच्या अस्थी रीतीप्रमाणे नाशिकला नेल्या, पण उरलेली राख नदीत सोडायला त्यांचा हात धजेना. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळच्या शाळेत त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं होतं, नदी कशानं मरते हे पोरांकडून घोकून घेतलं होतं. त्यांनी काठावर खड्डा खणला, राख मातीत मिसळली आणि त्यात भेंडीचं रोप लावलं. भाजीची भेंडी नव्हे. पिंपळासारख्या पानांचा, पाण्याकाठची माती धरून ठेवणारा वृक्ष. ते पाहून दुसरं घर आलं, मग तिसरं. वर्षभरात रीतच पडून गेली. ज्यांच्या घरी कुणी गेलं ते राखेचं गाठोडं घेऊन यायचे आणि बाई देतील ते रोप लावायचे. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ. सगळं इथल्या मातीतलं हवं, बाहेरचं एकही नको, हा बाईंचा दंडक. वडिलांसाठी गुलमोहोर मागणाऱ्या एका कुटुंबाला त्यांनी सरळ परत पाठवलं होतं.

रोपं कोवळी, त्यांना आधाराला काठी लागायची. बांबू लावले की ते कुणाच्या मांडवाला नाहीतर कुणाच्या चुलीला जायचे. तेव्हा नीलिमाबाईंनीच तोड काढली. नाल्याच्या कडेला बेशरम माजलंय, त्याच्या काठ्या तोडा. गुरं तोंड लावत नाहीत, माणसं चोरत नाहीत. फक्त महिनाभर कडक उन्हात वाळू द्या, कारण ओली काठी मातीत गेली की फुटते. फळ्यापुढं उभं राहून सांगावं तसं त्यांनी हे सगळ्यांना समजावलं, आणि मुलीच्या, अनुयाच्या बाळंतपणासाठी त्या पुण्याला निघून गेल्या. पावसानं त्या वर्षी घाई केली. काठ्या अर्ध्यामुर्ध्या वाळल्या असतील नसतील, तोवर सगळ्यांनी त्या रोवून टाकल्या. आणि रोपाची काडी एवढीशी, म्हणून नावाची पाटी कुणीच रोपाला बांधली नाही. काठीला बांधली.

पुढचं सांगायला जीवशास्त्राच्या बाईंची गरज नव्हती. पुराचा गाळ रोपांवर बसला, उन्हाळ्यानं उरलीसुरली मारली, आणि काठ्यांना पानं फुटली. पानं बदामाच्या आकाराची, फुलं देखणी. माणसं वर्षाकाठी एकदा यायची, आपल्या माणसाचं नाव शोधायची, ते हिरव्या फांदीवर लटकलेलं दिसायचं. त्यांनी आणखी काय बघायचं? बाळंतपणामागून अनुयाचं आजारपण, त्यामागून बाईंच्या स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन. या सगळ्यात त्या इथं आल्या त्या उभ्या उभ्या. आल्या की जयदेवांच्या भेंडीपाशी टेकायच्या आणि रिक्षा थांबलेली असायची म्हणून परत फिरायच्या. बाकीचं वन लांबून हिरवं दिसायचं. त्यांना ते दिसायला हवं होतं, पण दुःखात माणसाला आपलं तेवढंच झाड दिसतं.

“जेसीबी परवा येतोय,” समीर म्हणाला. “पावसाच्या आत मुळासकट काढायचं म्हणजे तोच लागेल.”

“एकही तुकडा काठावर राहता कामा नये. पुरात गेला तर खाली शहाडपर्यंत रुजत जाईल.”

“नाही राहणार. बाई, एक बोलू? साफ झालं की पाट्या जपून ठेवू. नर्सरीत मोठी रोपं मिळतात, चांगली छातीएवढी. पाऊस लागला की ती लावू आणि त्याच पाट्या बांधू. या वेळी झाडालाच.”

“आणि लोकांना काय सांगायचं?”

“पुरानं थोडं नुकसान झालं म्हणून. पूर येतोच की.”

“ज्यांनी आपल्या माणसाची राख माझ्या हातात दिली, त्यांना मी असं सांगू?”

“बाई, लोक झाड बघायला येत नाहीत. नाव बघायला येतात.”

“म्हणून तर,” नीलिमाबाई म्हणाल्या. “एकेकाला भेटून सांगणार आहे मी. चूक माझी, तर सांगायचंही मीच.”

हे म्हणताना त्यांची मान जराशी ताठ झाली. खरं बोलणाऱ्यांना खरेपणाचा थोडा ताठा असतोच, आणि बाईंना तर तो नोकरीच्या पहिल्या दिवसापासून होता. शिवाय त्यांना ते परवडणारं होतं. अख्ख्या वनात लावलं तसं वाढलेलं झाड एकच होतं, आणि ते जयदेवांचं होतं. उंचवट्यावर, नदीकडं तोंड करून ती भेंडी दुपारच्या वाऱ्यात पानं वाजवत उभी होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि त्यांना बळ आलं. आपल्या नवऱ्यानं तेवढी माती धरून ठेवली याचा त्यांना अभिमान वाटत होता, आणि तो लपवावा असंही त्यांना वाटत नव्हतं.

तोडलेल्या फांद्यांचा भारा बांधत सुदाम शेजारीच बसला होता. कारखान्यात तो जयदेवांच्या हाताखाली फिटर होता, निवृत्त झाल्यावर वनाची राखण त्यानं आपणहून अंगावर घेतली होती. त्यानं भाऱ्याची गाठ एकदा मारली, सोडली आणि पुन्हा मारली.

“वहिनी, सगळ्यांनाच कशाला सांगायचं?” तो म्हणाला.

“सगळ्यांनाच,” त्या म्हणाल्या.

ईश्वरीबाईंचं नाव पहिलं हाती लागलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या उल्हासनगरला त्यांच्या मुलाकडे गेल्या. पाच नंबरच्या कॅम्पात कमलेशचं पडद्याच्या कापडाचं दुकान होतं. त्यानं त्यांना गादीवर बसवलं, पंखा त्यांच्याकडं वळवला, आणि त्याच्या सिंधी घरच्या रीतीप्रमाणे आधी पापड आणि पाणी पुढं केलं.

“मॅडम, आप खुद आल्या? फोन करायचा ना. मीच गाडी घेऊन आलो असतो.”

नीलिमाबाईंनी पापडाला हात लावला नाही. त्यांनी सगळं सांगितलं. ओल्या काठ्या, गाळ, वाळकं खुंट, काहीही झाकलं नाही. दोन बायका पडद्याचं कापड बघायला आल्या, त्यांना कमलेशनं हातानंच थांबायची खूण केली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. बाईंना वाटलं, समजून घेतोय.

“म्हणजे ते झाड मम्मीचं नाही,” शेवटी तो म्हणाला.

“तुम्ही लावलेलं झाड नाही. त्याची काठी होती, ती फुटली.”

“लेकिन जमीन तर तीच आहे ना? मम्मी तिथंच आहे ना खाली?”

“राख तिथंच आहे. पण आता मुळं काढायची म्हणजे माती उकरली जाणार.”

“मतलब अब वो भी नहीं.”

त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि पडदा त्यांच्यापुढं धरला. त्यावर गुलाबी फुलाचा फोटो होता, पाठीमागं कमलेश, त्याची बायको, भाऊ, भावजय, सगळे उन्हानं डोळे बारीक केलेले.

“चेटीचंडला, आमच्या नव्या वर्षाला, बहराण्याचं पूजेचं ताट नदीत सोडतो, मग सगळी फॅमिली मम्मीकडे जातो. हे मम्मीचं फूल. दिवसातून पन्नास वेळा बघतो मी.” त्यानं फोटोकडं पाहिलं. “मॅडम, एक सांगा. मला नसतं सांगितलं, तर काय झालं असतं?”

“तुम्ही भलत्याच झुडपाला नमस्कार करत राहिला असता.”

“तो करता ना. मला कुठं झाडातलं समजतं? मम्मीला पण नव्हतं समजत.” त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. “तुम्ही बोललात, तुमचं मन हलकं झालं. चांगलं आहे. माझं काय?”

त्यानं मोबाईल उलटा करून गल्ल्यावर ठेवला आणि थांबलेल्या बायकांना ‘या ना’ म्हणाला. बाई उठायला लागल्या तशी त्यानं ताटली पुन्हा पुढं सरकवली. “पापड तरी घ्या. तसंच नाही जायचं.” नीलिमाबाईंनी अर्धा पापड मोडून खाल्ला.

रिक्षात बसल्यावर त्या स्वतःला समजावत राहिल्या की खरं पचायला वेळ लागतो, आज ना उद्या त्यालाही पटेल. पटेल की नाही याची त्यांना खात्री नव्हती, पण अर्ध्या वाटेवर थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी अंबरनाथमधली आणखी काही घरं केली. एका सुनेनं दारात उभं राहूनच ऐकलं आणि सासऱ्यांना उठवलं नाही. एक गृहस्थ म्हणाले, बरं झालं सांगितलंत, आणि दार लावून घेतलं. एकीनं विचारलं, तुमच्या मिस्टरांचं झाड आहे ना पण? बाई म्हणाल्या, हो, ते आहे. त्या बाईनं मान हलवली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून नीलिमाबाईंना पहिल्यांदा आपल्या भेंडीची लाज वाटली.

जेसीबी आला त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. यंत्रानं दात मातीत घातले आणि बेशरम मुळासकट वर आलं, एकमेकांत गुंतलेलं, ओलं, काळ्या चिखलानं माखलेलं. समीरनं आणलेली पोरं मागून तुकडे वेचत होती. पाट्या काढून एका पोत्यावर मांडल्या होत्या. दुपार व्हायच्या आत नदीपर्यंतचा सगळा काठ उघडा पडला आणि कुठं कोण होतं हे सांगायला तिथं काहीही उरलं नाही. भेंडी तेवढी उंचवट्यावर उभी होती. समीर पोरांना घेऊन ट्रॅक्टरबरोबर पहिली खेप टाकायला गेला. जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं आणि डबा घेऊन तो बांधापलीकडं सावलीला गेला.

सुदाम पोत्याशी येऊन उभा राहिला.

“वहिनी, वेणूबाईचा फोन आलेला. निघालीय शहाडवरनं. पोराचा दिवस आहे आज.”

“राजरत्नचा. आहे माझ्या लक्षात,” नीलिमाबाई म्हणाल्या. तापानं पाच दिवसांत गेलेला, जीन्सच्या कारखान्यात शिवणकाम करणारा मुलगा. त्याची राख घेऊन आई एकटीच आली होती. “आल्या की सांगते त्यांना.”

“नका सांगू.”

“सुदाम, हे आपलं बोलणं झालंय.”

“दुसऱ्यांचं वेगळं आहे. त्यांना घरं आहेत, माणसं आहेत. हिला तोच एक होता. दवाखान्यात फरशी पुसते, तिथनं सुट्टी काढून येते. झाडाला हात लावते, घटकाभर बोलते, जाते. तेवढ्यावर वर्ष काढते ती.”

“म्हणून तिला काठीशी बोलू द्यायचं?” बाईंना स्वतःच्याच आवाजात कमलेशच्या दुकानापासूनचा सगळा शीण ऐकू आला आणि त्या जास्तच कडक झाल्या. “कीव करून फसवायचं? माझ्याशी कुणी असं वागलं असतं ना, तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं.”

सुदामनं वाकून एक पाटी उचलली, शर्टाच्या बाहीनं पुसली आणि होती तिथंच ठेवली. तो भेंडीकडं पाठ करून उभा होता, आणि एकाएकी त्यांच्या लक्षात आलं की या वनात तो कायम असाच उभा असतो. त्या झाडापाशी त्या बसल्या की तो पाण्याच्या निमित्तानं दूर जायचा. त्यांना तो आदब वाटत आला होता. गृहपाठ न करता आलेली पोरं कुठं बघतात आणि कुठं बघत नाहीत, हे ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

“सुदाम, इकडे बघा.”

त्यानं पाहिलं नाही.

“ते झाड मी लावलेलं आहे ना?”

“नाय, वहिनी.”

नदीवरून एक बगळा संथ उडत गेला. नीलिमाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या, कारण कुठंतरी बघणं भाग होतं.

“पहिल्याच पुरात कड ढासळली,” सुदाम म्हणाला. “साहेबांचा खड्डा पार कडेला होता, नदी दिसायला हवी म्हणून तुम्हीच तिथं घेतलेला. एका रात्रीत गेलं सगळं. रोप, माती, राख, काय नाय राहिलं. तुम्ही पुण्याला. अनुयाताईंचं तेव्हा किती नाजूक चाललेलं. मी नर्सरीतनं तसलंच रोप आणलं, इथं वर लावलं. पाटी खाली काटेरी झुडपात अडकलेली, ती मिळाली.”

“मला जागा बदललेली कळली नाही?”

“काठच बदललेला, वहिनी. कुणाला कळणार.”

“आणि सांगितलं नाहीत.”

“सांगणार होतो. आईशप्पथ सांगणार होतो. तुम्ही आलात, झाडाला हात लावलात नि म्हणालात, बघा सुदाम, साहेब कसे माती धरून बसलेत.” त्यानं आता त्यांच्याकडं पाहिलं. “त्याच्यावर काय बोलणार मी?”

नीलिमाबाई पोत्याच्या कडेला, पाट्यांच्या शेजारी मातीतच बसल्या. त्यांना राग आला. सुदामचा आला, नदीचा आला, आणि आपण इतकी वर्षं त्या झाडाला काय काय सांगत बसलो ते आठवून स्वतःचा तर फारच आला. अनुयाला मुलगी झाली ते त्यांनी तिथं सांगितलं होतं. ऑपरेशनची भीती वाटते हे पोटच्या पोरीला न सांगता तिथं सांगितलं होतं. खाली कुणीही नव्हतं. आणि तरी सांगून झाल्यावर बरं वाटायचं, पाय हलके व्हायचे, हे काही त्यांना नाकारता येईना. आता तिथं जाऊन बोलणं जमणार नव्हतं. सुदामनं त्यांचं तेवढंही नेलं होतं, आणि ते खरं त्यांनीच त्याच्याकडून आग्रहानं काढून घेतलं होतं. पडद्याच्या दुकानातला तो माणूस मोबाईल उलटा ठेवताना काय ठेवत होता, हे त्यांना आता कळलं.

बांधावर रिक्षा थांबली. पांढऱ्या साडीतल्या वेणूबाई उतरल्या, पिशवी सांभाळत उताराच्या पायवाटेला लागल्या. त्यांचं लक्ष सगळं पायाखाली होतं.

नीलिमाबाई उठल्या. गुडघा धरला होता तरी त्या भराभर उंचवटा चढल्या आणि भेंडीच्या खोडावरची तार नखांनी सोडवायला लागल्या. तार गंजलेली होती, सालीत थोडी रुतलेली होती. ती निघाली तेव्हा त्यांच्या बोटातून रक्त आलं. जयदेवांची पाटी त्यांनी आपल्या पिशवीत, पाण्याच्या बाटलीखाली सरकवली. वळून बघतात तो मागं सुदाम राजरत्नची पाटी घेऊन उभा. त्यानं पाटी धरली, त्यांनी तार पिळली.

वेणूबाई वर आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. उघड्या काठाकडं बघून त्या जागीच थांबल्या.

“जय भीम, भाऊ. अगं बया, हे काय झालं? सगळं उजाड केलं?”

“जय भीम,” सुदाम म्हणाला आणि त्यानं बाईंकडं पाहिलं.

“रान माजलं होतं, ते काढलं,” नीलिमाबाई म्हणाल्या. “तुमचं आहे. या, इकडे.”

वेणूबाईंनी पाटी वाचली. अक्षर लावून, बोट फिरवत. मग त्यांनी मान वर केली, झाडाच्या शेंड्यापर्यंत पाहिलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

“केवढा झाला गं माझा राजू,” त्या म्हणाल्या. खोडाला तळवा लावून त्या थोडा वेळ तशाच राहिल्या. मग त्यांना काहीतरी खटकलं. “ताई, पण मागच्या वर्षाला फुलं जांभळी होती. ही तर पिवळी.”

सुदामनं खाली बघितलं. नीलिमाबाईंनी बघितलं नाही. त्यांनी हाताशी आलेलं एक फूल तोडलं आणि वर्गात दाखवायच्या तसं तळव्यावर धरलं.

“भेंडीचं फूल सकाळी पिवळं उमलतं,” त्या म्हणाल्या. “सुकताना जांभळट होतं. मागच्या वर्षी तुम्ही संध्याकाळी आला असाल.”

“हां, संध्याकाळच होती. ड्युटी करून आलेले मी.” वेणूबाईंनी फूल हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. “आपल्याला काय कळतंय, नाही का. तुम्ही शिकलेल्या.”

फुलाबद्दल सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. बाईंच्या तोंडाला चिकासारखी कडू चव आली.

वेणूबाईंनी पिशवीतून मेणबत्ती काढली, वाऱ्याला पाठ देऊन पेटवली, बुंध्याशी लावली. हात जोडून त्यांनी हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. मग झाडाशी काहीतरी बोलल्या, फार नाही, दवाखान्यातल्या कुणाबद्दल तरी. नीलिमाबाई चार पावलं मागं सरकल्या होत्या, तरी त्यांना शब्द ऐकू येत होते, आणि कान झाकता येत नव्हते.

“आणि ताई,” डोळे पुसत वेणूबाई वळल्या, “तुमच्या साहेबांचं कुठलं हो? मागं तुम्हीच बोललेलात, पहिलं झाड त्यांचं म्हणून.”

“ते नाही राहिलं,” नीलिमाबाई म्हणाल्या. “पहिल्याच पुरात वाहून गेलं.”

“आई गं. आणि तुम्ही आम्हा सगळ्यांची राखताय.”

“मला उशिरा कळलं.”

वेणूबाई जवळ आल्या. फरशी पुसून खरखरीत झालेला हात त्यांनी बाईंच्या दंडावर ठेवला आणि तिथंच राहू दिला.

“मग असं करा, ताई. यालाच पाणी घालत जा. मला शहाडवरनं सारखं व्हायचं नाही यायला. तुमच्या साहेबांचंबी समजा थोडं याच्यात. माझा राजू नाही म्हणणाऱ्यातला नव्हता.”

सुदामनं पाण्याचा कॅन आणून मधे ठेवला आणि तो बांधाकडं निघून गेला. नीलिमाबाई ‘बरं’ म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, कॅन तिरपा करून बुंध्याशी पाणी सोडलं, माती ते पिऊन टाकेपर्यंत थांबल्या. मग खोडाला हात लावण्याआधी त्यांनी वेणूबाईंकडं एकदा विचारल्यासारखं पाहिलं.